टिबोर हालासचं भिन्नमत

चूक एका शब्दाची होती, आणि ती जेरोम वोइत्कोने केली. पत्राच्या शेवटच्या ओळीत त्याने ‘एकमताने’ असं लिहिलं, पाकीट बंद केलं, मंगळवारी दुपारी बँकेच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं आणि घरी जाऊन निवांत सूप प्यायला. चौदा वर्षं चिटणीस असलेल्या माणसाने करावी अशी ही चूक नव्हती. पण ज्याच्या अक्षराचं सगळे कौतुक करतात, त्याला आपण काय लिहितोय हे बघायची सवय राहत नाही.

पत्र फुटबॉल संघाच्या व्यवस्थापकाला होतं, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा तिथला फुटबॉल. लोरेन गावच्या निवृत्त पोलाद कामगारांच्या युनियन-शाखेतून दर एप्रिलमध्ये असं एक पत्र जातं. महिनाअखेरीस देशभरातले संघ कॉलेजातली पोरं नंबराने निवडून घेतात. गेल्या हंगामात ज्याने जास्त मार खाल्ला त्याचा नंबर आधी. या एका बाबतीत आपल्या संघाने सहसा कसूर केलेली नाही. यंदा सतरापैकी चौदा सामने हरून त्याने दुसरा नंबर कमावला होता. त्या नंबरावर कुणाला घ्यावं, जुन्यांपैकी कुणाला नारळ द्यावा, कुठली जागा आधी भरावी, याचा रीतसर ठराव करून व्यवस्थापकाला कळवायचं, अशी शाखेची पद्धत.

कारखाना चालू होता तेव्हा त्याच सभागृहात पगाराचे आणि संपाचे ठराव होत. भट्ट्या थंड झाल्या, गेटाला साखळ्या लागल्या, पण ठराव करायची खोड काही गेली नाही. कुणीतरी मांडायचं, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, हात वर करायचे, अध्यक्षांनी हातोडा आपटायचा. सभा चालू असेतो सगळे एकमेकांना ‘बंधू’ म्हणतात. हातोडा पडला की पुन्हा ‘लेका’. संघाच्या कचेरीतून दर मे महिन्यात आभाराचं कार्ड येतं. त्यावरची सहीसुद्धा छापलेली असते, तरी ते भिंतीवर लावलं जातं. अशी छत्तीस कार्डं आजवर लागली आहेत.

बुधवारी सकाळी जेरोम इतिवृत्ताची आणि पत्राची प्रत घेऊन ॲमहर्स्टच्या शुश्रूषागृहात गेला. टिबोर हालास खिडकीपाशी बसला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा, नाकात प्राणवायूची नळी, पायाशी घुर्र करणारं यंत्र, अंगात इस्त्री केलेला सदरा. फेब्रुवारीत फुफ्फुसांनी दगा दिल्यापासून त्याला सभेला येता येत नव्हतं, म्हणून इतिवृत्त त्याच्याकडे जायचं. तो ते भिंगाखाली धरून पहिल्या अक्षरापासून वाचायचा. हजेरी, मागील सभेचा वृत्तांत, कॉफीचं यंत्र दुरुस्त करण्याबाबत, सगळं. जेरोम खुर्चीच्या कडेवर टेकून त्याच्या भिंगाचा प्रवास बघत राहिला. शेवटच्या ओळीवर भिंग थांबलं. मग जरा मागे गेलं आणि पुन्हा तिथेच आलं.

“जेरोम, मी मेलो का रे?”

“काहीतरीच काय बोलताय.”

“नाही, इथे लिहिलंय म्हणून विचारलं. मला कुणी कळवलं नाही.”

जेरोमने प्रत हातात घेतली आणि स्वतःच्याच सुंदर अक्षरातला तो शब्द त्याला दिसला. टिबोर हालास हयात असताना शाखेचं एकही पत्र एकमताने गेलेलं नव्हतं.

टिबोर कोण, हे सांगायचं तर सोळाव्या वर्षापासून सांगावं लागेल. छप्पन साली हंगेरीतून काकाबरोबर बर्फातून सरहद्द ओलांडून तो आला. ज्या देशातून आला तिथे सगळं एकमतानेच मंजूर व्हायचं, असं तो सांगे, आणि हसायचा नाही. लोरेनला पाइपच्या कारखान्यात लागला, यंत्रं बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम शिकला, अडतीस वर्षं तेच केलं. फुटबॉल तो कधी खेळला नाही. पहिल्यांदा तो लांबुळका चेंडू पाहिला तेव्हा कुणीतरी त्यावर बसलं असणार असं त्याला वाटलं. पण जेवणाच्या सुट्टीत बोलायला दुसरा विषय नव्हता, तेव्हा त्याने फुटबॉल शिकून घेतला, जसं इंग्रजी शिकला तसा: नियम आधी, उच्चार शेवटपर्यंत चुकीचे. पूर्व तिसाव्या रस्त्यावर त्याचं छोटं घर, मागे पापरिकाच्या मिरच्यांचे दोन वाफे. बायको इलोना जाऊन अकरा वर्षं झालेली. मुलगी मार्गित शाळेत शिकवते.

आणि दर एप्रिलमध्ये त्याचं भिन्नमत. सभा काहीही ठरवो, टिबोर उठायचा आणि तेच सांगायचा: आपला वरचा नंबर आपण वापरू नये. तो दुसऱ्या कुठल्या उतावळ्या संघाला द्यावा आणि बदल्यात खालचे दोन नंबर घ्यावेत. एका पोराच्या जागी दोन पोरं. त्याच्याकडे यासाठी एक तक्ता होता, जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलेला. कुठल्या साली वरच्या नंबराच्या पोराचं काय झालं आणि खालच्या दोघांचं काय झालं. गंमत अशी की त्या तक्त्यावरून त्याचं म्हणणं सिद्ध होत नव्हतं. कधी एकटा भारी ठरलेला, कधी दोघं. हे टिबोरला ठाऊक होतं आणि तरी तो तक्ता तो सगळ्यांना उघडून दाखवत असे. शाखेतला रोमन पास्टुशाक म्हणायचा, स्वतःच्या विरुद्धचा पुरावा घडी घालून खिशात बाळगणारा वकील जगात एवढा एकच.

शाखेच्या घटनेप्रमाणे भिन्नमत पत्राला जोडता येतं, पण त्याला एक अनुमोदक लागतो. अनुमोदक नाही, तर भिन्नमत झालंच नाही. इतिवृत्तातही त्याची नोंद होत नाही. छत्तीस वर्षं टिबोरला अनुमोदन दिलं ते एफ्रेन मोरालेसने. क्रेन चालवायचा, प्वेर्तो रिकोचा माणूस. त्याला स्वतःला चेंडू घेऊन पळणारे गडी आवडायचे. संघाने दरवर्षी फक्त तेच घ्यावेत असं त्याचं मत. तरी टिबोरचं बोलणं संपायच्या आत त्याचा हात वर गेलेला असायचा. एफ्रेन जानेवारीत वारला.

म्हणून यंदा टिबोरने भिन्नमत एका पाकिटात घालून मार्गितच्या हाती जेरोमकडे पाठवलं होतं. मंगळवारच्या सभेत ते जेरोमच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं.

“गडबडीत राहून गेलं,” जेरोम म्हणाला. “रोमन असा काही बोलत होता की—”

“रोमन नेहमीच तसा बोलतो.”

ते खरंच होतं, पण मंगळवारी रोमनने हद्द केली होती. टेट ब्रॅनम नावाचा टेक्सासचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू टाकून सगळा खेळ चालवणारा गडी, एकवीस वर्षांचा, साडेसहा फुटांचा, चेंडू टाकतो की पत्र पाठवतो असं वाटावं इतका नेमका. रोमनने हातातला डोनट चेंडूसारखा धरून तो कसा टाकतो ते करून दाखवलं आणि समोरच्याच्या कोटावर साखर सांडली. एकाने आधी आघाडीची फळी भरा म्हटलं. या फळीमागे उभं राहायचं तर क्वार्टरबॅक नाही, चिलखत लागेल. दुसऱ्याला कोपऱ्यावरचा बचाव दुरुस्त करायचा होता. चेंडूला लाथ मारण्यापुरता मैदानात येणाऱ्या तेहतीस वर्षांच्या किकरला ठेवावं की घालवावं यावर वीस मिनिटं गेली. पण दहा वर्षांत सहा क्वार्टरबॅक बघितलेल्या माणसांना सातवा दाखवला की ती हळवी होतात. बाराच्या सुमारास सगळे हात वर होते. जेरोमचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला होता.

यंत्र घुर्र करत राहिलं. जेरोमला घसा खाकरावासा वाटला, पण त्या नळीसमोर घसा खाकरणंही उद्धटपणाचं वाटलं. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला की राहून नव्हतं गेलं. पाकीट खिशात होतं हे त्याला सभाभर माहीत होतं, हातसुद्धा दोनदा तिथे गेला होता. वाचलं असतं तर अध्यक्षांनी अनुमोदक कोण म्हणून विचारलं असतं, आणि एफ्रेन नाही. कुणाचाही हात वर गेला नसता. टिबोरचा कागद सगळ्यांसमोर तसा पडून राहिलेला त्याला बघवला नसता.

“म्हणजे माझी लाज वाचवलीस.”

“तसंच काहीसं.”

“तुला कुणी सांगितलं होतं?”

टिबोरने भिंग पुसलं, चष्म्याच्या घरात ठेवलं, आणि एवढं बोलण्याने लागलेली धाप ओसरेपर्यंत बाहेर गाड्यांच्या तळाकडे बघत बसला. मग त्याने जेरोमला विचारलं की ब्याऐंशीच्या डिसेंबरचं इतिवृत्त तू कधी वाचलंयस का.

जेरोमने वाचलं होतं. चिटणीस झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने कपाट उघडून ती वही काढली होती आणि हे आजवर कुणालाही, बायकोलासुद्धा, सांगितलं नव्हतं. ब्याऐंशीत तो वीस वर्षांचा होता, कारखान्यात लागून चौदा महिने झालेले. पाइप विभागात चारशे माणसं होती. कंपनी म्हणाली, दोनशेच ठेवणार. युनियनची सभा झाली तेव्हा जेरोम रात्रपाळी करून झोपला होता. दुसऱ्या दिवशी गेटावर यादी लागली आणि तिच्यात त्याचं नाव होतं. पुढची पाच वर्षं त्याने पावांची गाडी चालवली, पहाटे साडेतीनला उठून. वहीत त्या सभेची एकच ओळ होती: सेवाज्येष्ठतेनुसार कपातीचा ठराव एकमताने मंजूर. ती ओळ वाचल्यापासून जेरोम सभागृहात शिरला की म्हाताऱ्यांच्या हातांकडे बघायचा. याच हातांनी. मनात अढी धरून तो बसला नाही, त्यांच्या मयतींना गेला, त्यांच्या नातवंडांच्या लग्नात नाचला. पण ओळ पाठ होती.

टिबोरने तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. त्या सभेत त्याने एक ठराव मांडला होता. कुणालाच काढू नका. चारशेच्या चारशे माणसांनी अर्धा-अर्धा आठवडा काम करावं. एकाच्या कामात दोघं. पगार सगळ्यांचा अर्धा होईल, पण गेटाबाहेर कुणी जाणार नाही. त्याची स्वतःची बावीस वर्षं भरली होती, त्याच्या नोकरीला कसलाच धक्का नव्हता. अध्यक्षांनी तीनदा विचारलं, अनुमोदन कुणाचं? सभागृहात माणसं दाटीवाटीने उभी होती.

“एफ्रेन माझ्या शेजारी होता,” टिबोर म्हणाला. “बुटांकडे बघत होता. मी त्याला दोष देत नाही. त्याला चार पोरं होती.”

अनुमोदक नाही म्हणून तो ठराव वहीत आलाच नाही. मग कपातीचा ठराव मताला आला तेव्हा टिबोरने विरोधात हात वर केला. एकाच हाताचं काय मोजायचं म्हणून चिटणीसाने ‘एकमताने’ लिहिलं. अठ्ठ्याऐंशीत पत्राची पद्धत सुरू झाली. पहिल्याच सभेत टिबोर वरच्या नंबराबद्दल काहीबाही बोलायला उठला आणि शेजारून एफ्रेनचा हात वर गेला. त्यावर दोघं कधी एक अक्षर बोलले नाहीत.

जाताना जेरोमने विचारलं, “हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलं नाहीस. आणि आपल्याला लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून सांगायची गोष्ट नव्हती ती.” मग त्याने हाताच्या इशाऱ्याने जेरोमला जवळ बोलावलं. “ते पत्र दुरुस्त करा. लोकांनी माझ्यासारखं मत द्यावं असं मी म्हणत नाही. यानंतरच्या पत्रावर मी असेन असं इथली डॉक्टरीण म्हणत नाही. शेवटच्या पत्रात तो शब्द नको.”

झालेला ठराव पुन्हा विचारात घ्यायचा तर ती मागणी जिंकलेल्या बाजूच्या माणसानेच करावी लागते, आणि सभेची नोटीस सात दिवस आधी लावावी लागते. जेरोमने त्याच दुपारी नोटीस लावली. निवडीच्या बरोबर एक आठवडा आधी, गुरुवारी सकाळी दहाला, सभागृहात नऊ जण जमले. अध्यक्ष अर्ल टिंजली, भट्टीवरचा जुना मुकादम, गुडघे बदललेला, आवाज मात्र मूळचाच. त्याने हातोडा आपटला आणि काय ते बोला म्हणाला, अकराला त्याचा दात काढायचा होता.

जेरोम उठला. उभ्या आयुष्यात त्याने सभेत मागणी अशी केली नव्हती. चिटणीस लिहितो, बोलत नाही.

“बंधू अध्यक्ष, गेल्या सभेत बंधू हालासांचं पाकीट माझ्या खिशात होतं. मी ते वाचलं नाही. विसरलो नव्हतो.”

“मग काय झालं होतं, बंधू चिटणीस?” रोमन म्हणाला. “खिशाला कुलूप होतं?”

दोघं-तिघं हसले. अर्ल हसला नाही. त्याने जेरोमकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि वाचा म्हणाला.

कागद एका पानाचा होता, कॅलेंडरच्या जुलै महिन्याच्या पाठीवर. टिबोरने लिहिलं होतं की दुसरा नंबर द्यावा, बदल्यात बारावा आणि छत्तिसावा घ्यावा, आणि त्यातला निदान एक फळीला द्यावा. इथवर नेहमीचंच होतं. खाली, अक्षर जिथे वाकडं होत गेलं होतं तिथे, लिहिलं होतं: ‘आधीच्या सहाही पोरांना आपणच खांद्यावर घेतलं आणि आपणच हुर्यो उडवून घालवलं. कुणीतरी एकच जण येऊन सगळं नीट करील अशी आपल्याला सवय लागली आहे. हा पोरगा एकवीस वर्षांचा आहे. एवढं सगळं एकाच्या डोक्यावर देऊ नये.’

वाचताना जेरोमचा आवाज कुठे बिघडला नाही, याचं त्याला नंतर नवल वाटलं.

थोडा वाद झाला. रोमन म्हणाला की भावना ठीक आहेत, पण बाराव्या नंबरावर क्वार्टरबॅक मिळत नाही, गळके पत्रे मिळतात. मागून कुणीतरी म्हणालं की दुसऱ्या नंबरावरही आपण आजवर पत्रेच आणले. अर्लने दोघांनाही गप्प केलं आणि विचारलं, भिन्नमताला अनुमोदन कुणाचं?

कुणी हललं नाही. रोमन कॉफीच्या कपात बघत होता. खिडकीपाशी बसलेल्या वेल्श म्हाताऱ्याने कानातलं यंत्र चाचपलं, जणू प्रश्न नीट पोचलाच नव्हता. वाईट कुणीच नव्हतं त्यांच्यात. क्वार्टरबॅक हवा होता, इतकंच. अर्लने दुसऱ्यांदा विचारलं. भिंतीवरच्या छत्तीस कार्डांखाली नऊ माणसं बसली होती आणि त्यांच्यातली चार जणं ब्याऐंशीच्या त्या सभेलाही होती, हे जेरोमने तेवढ्यात मोजलं. आपण मोजतोय हे लक्षात येताच त्याने मोजणं थांबवलं.

“माझं,” तो म्हणाला.

“बंधू चिटणीस,” अर्ल सावकाश म्हणाला, “ज्याच्या हातात पेन त्याने मत द्यावं, अनुमोदन द्यायचं नाही. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. मग पेन घ्या.”

“सोडलंस तर डिसेंबरच्या निवडणुकीपर्यंत परत मिळत नाही. डिसेंबरात मिळेलच असंही नाही.”

जेरोमला ते पद फार आवडायचं. त्याची बायको म्हणायची की हा माणूस किराण्याची यादीसुद्धा इतिवृत्तासारखी लिहितो. पावांच्या गाडीनंतर, परत कारखान्यात घेतल्यानंतर, कारखाना कायमचा बंद झाल्यानंतर, आपण लिहिलं तर ती गोष्ट घडली असं जिथे धरलं जातं, अशी त्याच्यापाशी ती एकच जागा होती. त्याने पेन टेबलावर आडवं ठेवलं, वही त्याच्याखाली सरकवली आणि दोन्ही रोमनच्या पुढ्यात लोटलं.

“माझ्याकडे कशाला?” रोमन दचकला. “अरे लेका, माझं अक्षर मलाच लागत नाही.”

“बंधू म्हण,” अर्ल म्हणाला. “सभा चालू आहे.”

“बंधू, माझं अक्षर मलाच लागत नाही.”

“हळू लिही.”

रोमनने चष्मा शोधला. पेन हातात घेतल्यावर मात्र त्याच्यात काहीतरी बदल झाला; तो ताठ बसला आणि म्हणाला की चिटणीस म्हणून त्याला एक खुलासा हवा आहे. बंधू वोइत्कोंनी क्वार्टरबॅकला मत दिलंय, तेही सगळ्यांच्या आधी. मग हे अनुमोदन कसलं? माणूस नक्की कुठल्या बाजूचा?

“क्वार्टरबॅकच घ्यायला पाहिजे,” जेरोम म्हणाला. “माझं मत तेच आहे, बदललेलं नाही. अनुमोदन त्यांचं म्हणणं वहीत यावं म्हणून. कुणीतरी हे बोललं होतं एवढं पुढच्याला कळायला नको का?”

रोमनच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली. ब्याऐंशीत तोही होता त्या सभेत. दोनशेंपैकी एकशे सत्त्याण्णवावा, थोडक्यात वाचलेला. त्याने मान खाली घातली आणि लिहायला लागला. एक ओळ लिहायला त्याला चार मिनिटं लागली आणि त्या चार मिनिटांत कुणीही घड्याळाकडे बघितलं नाही, अर्लसुद्धा नाही. मग त्याने मोठ्याने वाचलं: भिन्नमत, बंधू टिबोर हालास. अनुमोदक, बंधू जेरोम वोइत्को. पत्राच्या शाखेकडे राहिलेल्या प्रतीतला तो शब्द खोडून वर ‘बहुमताने’ लिहिलं आणि खाडाखोडीवर सही केली.

“आता व्यवस्थापक म्हणेल, यांच्यात पडली फूट,” रोमन पुटपुटला, आणि पाकिटाला तिकीट लावलं.

त्याच दुपारी जेरोमने नवी प्रत टिबोरला दाखवली. भिंग रोमनच्या अक्षरावर फार वेळ अडखळत राहिलं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्यावर टिबोरने कागदाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

“पटलं का तुला माझं म्हणणं?”

“नाही.”

“एफ्रेनलाही कधी पटलं नाही.” तो थोडा थांबला, श्वास गोळा केला. “पत्र गेलं की मी त्याला ब्रॉडवेवरच्या खानावळीत न्यायचो. तीन अंडी, सॉसेज, बटाटे. पैसे मी द्यायचे, असं ठरलेलं. तेव्हा तुझा एक नाश्ता माझ्याकडे बाकी आहे. ही नळी नाकातून निघाली की जाऊ.”

“घाई नाही.”

“घाई नाही कशी? मला भूक लागते.”

निवडीच्या संध्याकाळी शुश्रूषागृहाच्या दिवाणखान्यात दोघांनी ती टीव्हीवर बघितली. संघाने नंबर कुणालाही दिला नाही. टेट ब्रॅनमचं नाव पुकारलं गेलं आणि निळ्या कोटातला एक पोरगा आईच्या मिठीतून सुटून मंचावर आला. साऱ्या राज्यात लोक टेबलं बडवत असणार. जेरोमही खुर्चीतून अर्धा उठला होता. टिबोर पडद्याकडे बघत राहिला.

“किती लहान आहे रे,” तो म्हणाला.

मे महिन्यात छापील सहीचं कार्ड आलं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, हंगाम सुरू व्हायला दहा दिवस असताना, टिबोर हालास झोपेत गेला. हंगेरियन चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि खाली तळघरात जेवण, पापरिका घातलेली कोंबडी आणि शेवया. अर्लने चार वाक्यं बोलून बसून घेतलं. रोमनने मयताच्या सभेचं इतिवृत्त तिथेच लिहायला घेतलं आणि जेरोमला तीनदा स्पेलिंग विचारलं.

माणसं पांगल्यावर मार्गित जेरोमच्या टेबलापाशी आली. बाबांच्या सदऱ्यात एक कागद मिळाला, त्याच्या मागे यादी होती, म्हणाली; लायब्ररीचं पुस्तक परत, शेजारणीला मिरच्यांची रोपं, आणि वोइत्कोचा नाश्ता. पुस्तक आणि रोपं तिने पोचवली होती.

“शनिवारी चालेल तुम्हाला?” तिने विचारलं. “मी येते घ्यायला. ते म्हणाले होते, तीन अंडी.”

तो नाश्ता झाला की टिबोरकडची बाकी संपणार होती; जेरोमने शनिवारी काहीतरी काम असल्याचं सांगितलं. मग तिने त्यापुढचा शनिवार विचारला, तर तेव्हा पत्र्याचं काम काढलं होतं. गेल्या आठवड्यात ती त्याला भाजीच्या दुकानात भेटली, तिसऱ्यांदा विचारलं, आणि तो कांद्यांच्या ढिगासमोर उभा राहून म्हणाला की सध्या डॉक्टरने अंडी बंद केली आहेत.